मोडायला दिलेला कीबोर्ड

१

डूगल रेनीचं आपल्या गिऱ्हाइकांबद्दल एक ठाम मत होतं. ही माणसं ठार वेडी आहेत, आणि देवाने त्यांना शेवटपर्यंत तशीच ठेवावी.

वीस वर्षांपूर्वी कचऱ्याच्या गाडीवाल्यांनीही ज्यांना हात लावला नसता, ते जुने, जाडजूड, चहाने पिवळ्या पडलेल्या दातांच्या रंगाचे कीबोर्ड तो विकायचा. प्रत्येक कळीखाली खरी स्प्रिंग. कळ दाबली की खट् वाजायची. बस, एवढंच. या 'खट्'वर जगभरातले बाप्ये जीव टाकत होते. दोन वर्षांपूर्वी ज्याचे साठ पौंड यायचे, त्याचे आता तीनशे येत होते, आणि ज्याचे तीनशे, त्याचे हजार. वर हे लोक पत्रं लिहून विचारत, "याचा नाद कोरड्या पानांवरच्या गारांसारखा आहे की ओल्या?" डूगल उत्तर द्यायचा, "दोन्हींच्या मधला," आणि किंमत पन्नासने वाढवायचा.

क्लाइड नदीच्या मुखाशी, इन्व्हरलॅग नावाच्या गावात, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानावर त्याची दोन खोल्यांची जागा होती. वय सत्तेचाळीस, बायको सोडून गेलेली, त्याचं दुःख मावळलेलं. सकाळी नऊ वाजता ओटची लापशी खाऊन तो कामाला बसायचा. कळांवरच्या टोप्या एकेक करून उपटायच्या, कोमट पाण्यात कवळी धुवायच्या गोळ्या टाकून त्यात भिजत घालायच्या, आत साठलेले केस, पावाचे कण, कुणाची तरी तुटलेली नखं ब्रशने झाडायची. टोप्या टॉवेलवर वाळल्या की परत बसवायच्या. मग प्रत्येक कळ एकदा दाबून मिनिटभराचं चित्रण करायचं. आवाज ऐकल्याशिवाय वेडे पैसे काढत नसत.

"लोकांचा कचरा लोकांनाच विकतोस," त्याची मोठी बहीण ऊना म्हणायची. ती फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर होती.

"कचरा नाही गं. मूर्खपणा विकतो. त्याचा तुटवडा कधी पडत नाही."

२

'जुने कीबोर्ड फुकट नेऊन त्यांची विल्हेवाट लावतो,' अशी चिठ्ठी त्याने चर्चच्या फळ्यावर लावली होती. ती वाचून मिसेस मोरॅग हॅडो यांचा फोन आला. बाई ऐंशीच्या घरातल्या, टेकडीवरच्या बैठ्या घरात एकट्या.

घरात पाय ठेवला तेव्हा डूगलला पहिल्यांदा कान बंद झाल्यासारखं वाटलं. सगळीकडे गालिचे, एकावर एक. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे विणून घातलेले. कपाटांच्या दारांना आतून जाड लोकरी बनातीच्या पट्ट्या. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला टिकटिक नव्हती. म्हाताऱ्या माणसांची थेरं, असं म्हणत त्याने ते सोडून दिलं.

बाईंनी कपाटाच्या तळातून एक गाठोडं काढलं. तीन घोंगड्या आणि वर सुतळी. आतला कीबोर्ड पाहिला आणि डूगल आणखी खाली वाकला. गडद राखाडी अंग, पाठीवरची नाव-क्रमांकाची पट्टी कोरी. कारखान्यातून कधीच बाहेर न पडलेला नमुना. अशा कीबोर्डाचा एक धुरकट फोटो वेड्यांमध्ये फिरत असे, आणि तो खरा की खोटा यावर ते एकमेकांच्या उरावर बसत.

डूगलने चेहरा पाडला. ही कला त्याने मेहनतीने कमावली होती.

"अरेरे. हा तर मेलेलाच आहे, मिसेस हॅडो. याला कुत्रं विचारणार नाही."

"मी एकोणीस वर्षं खालच्या कीबोर्डांच्या कारखान्यात होते," बाई म्हणाल्या. त्या इतकं हळू बोलत होत्या की त्याला वाकावं लागलं. "तपासणीच्या टेबलावर. हा मोडून टाका म्हणून साहेबांनी सांगितलं होतं. माझा हात झाला नाही. म्हणजे, तेवढा आवाज करायचा धीर झाला नाही. तू खरंच मोडतोस ना रे हे?"

"यंत्रात घालतो. भुगा होतो भुगा."

"शपथ घे."

"घेतली," तो म्हणाला, आणि वर दिसायला बरं म्हणून दहाची नोट पुढे केली.

बाईंनी नोटेकडे पाहिलंही नाही. "पैसे नकोत. मोड म्हणजे झालं. आणि त्याच्यावर काही लिहून बघू नकोस."

"भंगारावर काय लिहायचंय, मिसेस हॅडो!"

गाडीत बसल्यावर त्याला इतकं हसू आलं की चावी लावायला दोन मिनिटं थांबावं लागलं.

३

भुगा करण्याआधी, असं तो स्वतःशीच मिश्कीलपणे म्हणत होता, जरा अंघोळ घालू.

कीबोर्ड जवळजवळ न वापरलेला होता. फक्त मधल्या ओळीतल्या काही कळा झिजून चकचकीत झालेल्या. टोप्या धुतल्या, वाळवल्या, बसवल्या. मग कोपऱ्यापासून सुरुवात करून त्याने एकेक कळ दाबली. आवाज खरंच सुरेख होता, भरीव आणि स्वच्छ. शेवटची कळ दाबून त्याने हात उचलला, आणि आणखी एक खट् वाजलं.

एखादी स्प्रिंग अडकून उशिरा सुटली असणार. त्याने कीबोर्ड उघडला. सगळ्या स्प्रिंगा जागच्या जागी, सरळ उभ्या. पुन्हा सगळ्या कळा दाबल्या. पुन्हा शेवटी एक आवाज जास्त. मग त्याने एकच कळ दाबली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. जास्तीचा आवाज नव्हताच. बोट खाली जाताना काहीच वाजत नव्हतं, ते नंतर वाजत होतं, पापणी लवायला लागते तेवढ्या वेळाने.

टेबल पोकळ आहे, आवाज घुमून परत येतो. डूगलने टेबलावर टॉवेल अंथरला आणि तो विषय संपवला.

त्याने संपवला नाही तो दुसराच विषय. तो कीबोर्ड त्याला सोडवेना. गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं तो आपल्या सात पौंडांच्या कीबोर्डावर देत असे, आणि त्याचा त्याला अभिमान होता. आता तो या राखाडी कीबोर्डावर बोटं ठेवून बसू लागला. सकाळची चार पत्रं दहा झाली. बोटं कशी आपोआप पडत. आपणही त्या गारावाल्यांच्या पंगतीत बसलो की काय, असा विचार मनात आला की तो स्वतःला एक शिवी हासडे आणि पुढचं पत्र लिहायला घेई.

आठवड्याभरात आवाज बोटांबरोबर येऊ लागला. बघा, म्हणाला तो, वापरात नव्हता म्हणून अडत होता. बरा झाला.

४

तिसऱ्या आठवड्यात त्याने वेड्यांच्या इंटरनेटवरच्या फळ्यावर लिलावाला फोटो टाकले आणि वेड्यांच्या वारुळावर पाय पडला. पहिल्या तासात नऊशेची बोली. जेवायच्या वेळेपर्यंत सतराशे. एकाने लिहिलं, "मी रडतोय." डूगलने चीज लावलेल्या टोस्टचा घास घेत ते दोनदा वाचलं.

शेवटी दोघे उरले, आणि त्यातला ब्रेमेनचा दातांचा डॉक्टर फोल्कमार इडे जिंकला. एकतीसशे पौंड. पण पैसे पाठवण्याआधी त्याने फोन केला.

"हेर रेनी, तुमचा कॅमेरा बिघडलाय."

"माझा कॅमेरा?"

"चित्रणात आवाज आधी येतो आणि बोट नंतर पडतं. थोडंसंच, पण मला कळतं. माझे कान तसे आहेत."

"तुमच्या कानांना सलाम, डॉक्टर," डूगल म्हणाला. फोन ठेवून त्याने 'कानफाट्या' म्हटलं, आणि चित्रण लावून पाहिलं.

खट्. मग बोट.

कॅमेरा स्वस्तातला होता, असं होतं कधीकधी. त्याने कीबोर्डावर हात धरला. एक कळ मनात धरली, बोट तिच्यावर नेलं, पण टेकवलं नाही.

खट्.

बोट दचकून मागे यायला हवं होतं. ते आलं नाही. आवाज होऊन गेल्यावर ते शांतपणे खाली गेलं, कळ दबली, वर आली, आणि त्या दबण्याला काहीही आवाज नव्हता.

डूगलने ते बोट विजारीला पुसलं. मग त्याने खोकं आणलं, हवेच्या फुग्यांच्या प्लास्टिकचे चांगले चार थर गुंडाळले आणि दुपारच्या टपालाने कीबोर्ड ब्रेमेनला रवाना केला. एकतीसशे पौंड त्याच संध्याकाळी जमा झाले.

५

कीबोर्ड गेला. आवाज मागे राहिला.

आधी चमचा. साखर ढवळायला त्याने चमचा उचलला, आणि कपात किणकिण झाली. मग चमचा कपात गेला, फिरला, गुपचूप. नंतर न्हाणीघराचं दार: धाडकन लागलं, आणि दोन सेकंदांनी त्याने ते ओढून घेतलं. नळ, बूट, खोकला. फक्त बोलणं तेवढं जागच्या जागी होतं. बाकी सगळं त्याच्या पुढे चालत होतं, आणि अंतर दिवसागणिक वाढत होतं.

तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. तिशीची पोरगी. तिने कानात नळ्या घालून पाहिलं.

"कान उत्तम आहेत तुमचे, मिस्टर रेनी. ताण आहे का काही?"

"ताण मूर्खांना येतो," डूगल म्हणाला. उठताना त्याने पाहिलं, पोरगी दाराकडे बघत होती. दार मघाशीच वाजलं होतं.

त्या रविवारी ऊनाकडे जेवण होतं. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात बटाट्यांचा डाव होता आणि कपाळावर आठ्या.

"कुठे गेला होतास मध्येच?"

"आत्ता येतोय मी."

"थापा मारू नकोस. मिनिटभरापूर्वी जिन्यावर तुझेच पाय वाजत होते. मला काय तुझी चाल कळत नाही? बेल वाजली, मी उघडलं तर कुणी नाही. आणि आता आलास तो मांजरासारखा, बेल न वाजवता."

डूगलचं बोट अजून बेलच्या बटणावर होतं.

"तुझ्या इमारतीत आवाज घुमतो," तो म्हणाला. "स्वस्त बांधकाम." आणि मान खाली घालून जेवला. ऊनाने दोनदा विचारलं, की तू काट्याचा आवाज न करता कसा काय जेवतोयस.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेकडीवर गेला. मिसेस हॅडो दार उघडं टाकून उंबऱ्यात उभ्या होत्या.

"मघापासून ठोठावतोयस," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच. लिहिलंस ना त्याच्यावर?"

"थोडंसं."

"जेसीनेही थोडंसंच लिहिलं होतं. जेसी ऑर. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तीन आठवडे तिच्याकडे होता तो तपासायला."

"मग?"

बाईंनी शालीची टोकं घट्ट धरली. "एक दिवस सकाळी आम्ही सगळ्याजणींनी तिला येताना ऐकलं. व्हरांड्यातून तिची टाच वाजली, कपाटाचं कुलूप वाजलं, डबा ठेवल्याचा आवाज झाला. आम्ही वळून पाहिलं."

"आणि?"

"आणि काही नाही. जागा रिकामी होती. आम्ही दिवसभर वाट पाहिली रे."

"सापडली कुठे?"

"बसथांब्यावर तिची पिशवी सापडली," बाई म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "मोडलास कसा? हातोडीने की यंत्रात?"

डूगलने पायपुसण्याकडे पाहिलं. "ब्रेमेनला आहे तो. एका डॉक्टरकडे."

त्याला वाटलं बाई ओरडतील, रडतील. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. ती नजर त्याला ओळखीची होती. गारा आणि ओली पानं लिहिणाऱ्यांची पत्रं वाचताना तो स्वतः तसाच बघत असे. आपल्याकडे कुणी तसं बघू शकतं हे त्याला आजवर सुचलं नव्हतं.

"तुला भंगार म्हणून दिला होता," त्या म्हणाल्या. "तूच म्हणालास भंगार आहे. खरं सांगितलं असतंस, तर मी तो उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नसता."

बनात लावलेलं दार काहीही न वाजता बंद झालं.

७

डूगलने ब्रेमेनला फोन लावला.

"डॉक्टर, तो कीबोर्ड मला परत हवाय. तुमचे सगळे पैसे देतो. वर पाचशे."

इडे मनापासून हसला. "हेर रेनी, मला काल ओसाकाहून पाच हजारांची मागणी आली. तुम्हाला कुणी किती देऊ केलेत? खरं सांगा."

"कुणी नाही. मोडायचाय मला तो. तुम्ही मोडा. आज, आत्ता. हातोडी आहे ना घरात? पैसे तरीही देतो."

"मोडू?" डॉक्टरचा आवाज एकदम थंड पडला. "तुमच्यासारख्या दुकानदारांना या वस्तूंबद्दल काही वाटत नाही, हे मला ठाऊक होतं. पण इतकं?"

"लिहिता का तुम्ही त्याच्यावर?"

"रोज. रुग्णांच्या सगळ्या नोंदी. काय सांगू तुम्हाला, मला काय लिहायचंय ते त्याला जणू माझ्या आधी..."

फोन ठेवल्याचा आवाज आला. कडक, स्पष्ट, रिसीव्हर आपटल्यासारखा.

"...माझ्या आधी कळतं," डॉक्टर बोलत होता. "असं वाद्य मोडायचं म्हणता? पुन्हा फोन करू नका. नमस्कार."

आणि मग, कोणताही आवाज न होता, पलीकडे कुणी नव्हतं.

डूगलने आणखी अकरा वेळा फोन लावला. दोनदा पत्र लिहिलं, सात पौंडांच्या कीबोर्डावर, खरं खरं सगळं. उत्तर आलं नाही. पण वेड्यांच्या फळ्यावर इडेने त्याचं पत्र जसंच्या तसं चिकटवलं. खाली शंभरेक जणांनी हसून घेतलं. कुणीतरी लिहिलं, "हे तर फारच भारी. माझे सहा हजार." त्याखाली दुसऱ्याने साडेसहा.

८

शनिवारी सकाळी डूगल खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि उठेनासा झाला.

कारण तसं काही नव्हतं. आदल्या दिवशी त्याचे आवाज त्याच्या चांगली दोन मिनिटं पुढे होते. तो अंथरुणात असताना किटली ओट्यावर ठेवल्याचं ऐकू येई, आणि मग त्याला उठून ती ठेवावी लागे. लागे म्हणजे कुणाची जबरदस्ती नव्हती. एकदा त्याने ठरवून ठेवली नाही. पाण्याचा पेला आणायला म्हणून तो उठला, आणि किटली हातात असलेला सापडला. म्हणून आज त्याने साधा विचार केला: हलायचंच नाही. हललो नाही तर पुढे काय वाजणार?

आणि खरंच काही वाजलं नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. बाहेर समुद्रपक्षी भांडत होते, फेरीबोटीने भोंगा दिला. ती सगळी माणसासारखी, वेळेवर. त्याच्या खोलीत मात्र पूर्ण शांतता. डूगलला हसू आलं. म्हातारी आणि तिची जेसी. कारखान्यातल्या बायका, जेवणाच्या सुट्टीत सांगायच्या गोष्टी. पुरे झालं, तो म्हणाला, सोमवारी नवीन माल आणायला एडिनबर्गला जायचं.

बाराला बेल वाजली. दाराबाहेरून ऊनाचा आवाज आला.

"डूग! उघड. सूप आणलंय, भांडं चांगलंच तापलंय."

तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. त्याच्या अंगाखालच्या खुर्चीचा. खुर्ची हलली नव्हती. त्याने दोन्ही हातांनी तिचे हात पकडले.

मग पावलं वाजली. त्याची स्वतःची पावलं, जुन्या लाकडी जमिनीवर, खुर्चीपासून दाराच्या दिशेने. एक. दोन. तीन. चार.

तो पाचव्याची वाट पाहत राहिला.

"अरे आलास ना?" ऊना बाहेरून म्हणाली. "मग मध्येच थांबलास काय?"

"ऊना, मी खुर्चीतच आहे."

"चेष्टा पुरे. ऐकलं मी तुला उठताना."

"ऊना, ऐक माझं. तू जा. भांडं तिथे ठेव आणि जा."

"काय झालंय तुला? आजारी आहेस का? डूग, बोल ना!" आणि मग एकदम किंकाळी. "आई गं! हात! हात भाजला रे माझा!"

बाहेर भांडं आपटलं, झाकण जिन्यावरून घरंगळत गेलं, आणि ऊना लहानपणी दारात बोट सापडलं तेव्हा रडायची तशी रडायला लागली.

डूगलने विचार केला नव्हता. नंतर त्याला एवढंच कळलं, की आपण उभे आहोत. खुर्ची मागे सरकलेली होती, चांगली हातभर. तिचा काहीही आवाज झाला नव्हता.

"येतोय," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, वेळेवर आला.

खुर्चीपासून दार सहा पावलांवर होतं, आणि वाजली होती चारच. वर्षानुवर्षं तो ते चालत होता. त्याने खाली पाहिलं. डावा पाय पुढे पडलेला होता, आणि उजवा जमिनीवरून उचलला गेला होता.